चाळिशी केवळ वाचणाऱ्यांची नव्हे
जाळी तुणणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या हातांनाही जवळच्या चष्म्याची तितकीच गरज

हर्णे (प्रतिनिधी) : मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. वयाची चाळीस वर्षे हा पहिला अर्थ. त्या वयाच्या सुमारास जवळचे अंधूक दिसू लागते, तो दोष हा दुसरा. आणि त्यावर उपाय म्हणून नाकावर येणारा चष्मा हा तिसरा. वय, व्याधी आणि उपाय या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात सामावल्या, यावरून हा अनुभव किती सार्वत्रिक आहे हे लक्षात यावे. तरीही या शब्दाबरोबर एक गैरसमज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. चाळिशी लागते ती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना, मास्तरांना, कारकुनांना, पोथी वाचणाऱ्या आजोबांना. ज्याला वाचायचेच नाही त्याला चष्म्याचे काय काम, असा हा समज आहे. हर्णेसारख्या बंदरावर तो विशेष महागात पडतो.

दापोलीपासून सतरा किलोमीटरच्या आसपास असलेल्या या बंदराची ओळख सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर भरणारा मासळीचा लिलाव अशी आहे. समुद्रावर जाणाऱ्याची नजर दूरवर असते, हे खरे. परंतु बंदरावरच्या कामांची यादी करू लागले तर त्यातील निम्म्याहून अधिक कामे हाताच्या अंतरावरची निघतात. फाटलेले नायलॉनचे जाळे तुणताना सुई नेमक्या आसातून न्यावी लागते आणि प्रत्येक गाठ सारख्या मापाची बसवावी लागते. गळ बांधणे, इंजिनातील बारीक स्क्रू फिरवणे, जीपीएसच्या छोट्या पडद्यावरील आकडे वाचणे हीही जवळचीच कामे. किनाऱ्यावर जवळ्यातून कचरा आणि इतर बारीक मासळी वेगळी काढणे, कोळंबी सोलणे, काट्यावरचे वजन पाहणे, संध्याकाळच्या उजेडात नोटा ओळखून मोजणे, मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा संदेश पाहणे, हे सारे पुन्हा जवळच्या नजरेचे काम. घरी गेल्यावर तांदळातले खडे आणि सुईतला दोरा आहेतच. यांपैकी एकाही कामासाठी अक्षरओळख लागत नाही. दृष्टी मात्र लागते.

डोळ्यात नेमके काय होते?

डोळ्यातील बाहुलीच्या मागे एक पारदर्शक, लवचिक भिंग असते. दूरचे पाहताना ते चपटे असते. जवळचे पाहायचे झाले की त्याच्या भोवतीचा वलयाकार स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला ताणून धरणारे सूक्ष्म तंतू सैल पडतात आणि भिंग आपल्याच लवचिकपणामुळे फुगीर होते. फुगीर भिंग किरणांना अधिक वाकवते आणि जवळच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर स्पष्ट उमटते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये ही प्रक्रिया मांडली आणि तिचा गाभा आजही मान्य आहे.

हे भिंग आयुष्यभर वाढत राहते. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्यावर नवे थर चढतात, जुने थर आत दाबले जातात आणि हळूहळू ते कडक होत जाते. स्नायू आपले काम करत असतो, तंतूही सैल पडतात; पण कडक झालेले भिंग पूर्वीसारखे फुगत नाही. वैद्यकीय परिभाषेत यालाच ‘प्रेसबायोपिया’ म्हणतात. हा आजार नव्हे आणि ‘डोळ्यांना अशक्तपणा आला’ असेही नव्हे. केस पांढरे होण्याइतकीच ही नैसर्गिक घडामोड आहे. फरक इतकाच, की पांढऱ्या केसांमुळे कोणाची मजुरी बुडत नाही.

ही घडामोड चाळिसाव्या वर्षी अचानक सुरू होते असेही नाही. डच नेत्रवैद्य डाँडर्स यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात वेगवेगळ्या वयांत डोळा किती जवळचे स्पष्ट पाहू शकतो याची मोजमापे दिली. त्यांनुसार दहा वर्षांच्या मुलाला सुमारे ७ सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते. विसाव्या वर्षी हे अंतर १० सेंटिमीटर, तिसाव्या वर्षी १४, चाळिसाव्या वर्षी २२ आणि पन्नाशीत ४० सेंटिमीटर होते; साठीत ते एक मीटरपर्यंत जाते. म्हणजे घसरण लहानपणापासूनच चालू असते, ती जाणवते मात्र चाळिशीत. याचे कारण असे, की उपलब्ध ताकदीपैकी साधारण निम्मीच ताकद माणूस तासन् तास वापरू शकतो. चाळिशीतला माणूस २२ सेंटिमीटरवरचे क्षणभर पाहील; पण न थकता काम करायचे तर वस्तू ४०-४५ सेंटिमीटरवर धरावी लागेल. वर्तमानपत्र हळूहळू दूर जाऊ लागते ते इथून.

उष्ण प्रदेशांत चाळिशी काहीशी लवकर, पस्तिशी-अडतिशीतच जाणवू लागते, असे अनेक निरीक्षणांत आढळले आहे. ज्यांना मुळात दूरदृष्टीचा, म्हणजे ‘प्लस’ नंबर आहे त्यांनाही ती आधी गाठते. उलट ‘मायनस’ नंबर असलेले अनेकजण चष्मा काढून जवळचे आरामात वाचतात आणि आपल्याला चाळिशी लागलीच नाही अशी समजूत करून घेतात. स्त्रियांना जवळचा चष्मा पुरुषांपेक्षा आधी लागतो असेही दिसते. त्याचे कारण त्यांच्या भिंगात नसून, त्या काम करताना वस्तू अधिक जवळ धरतात आणि त्यांचे हात तुलनेने आखूड असतात, हे आहे. मासळी निवडण्याचे व विकण्याचे बहुतेक काम जिथे स्त्रियांच्या हाती आहे, तिथे ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

चष्मा आणि कमाई

चष्म्याने हाताच्या कामात नेमका किती फरक पडतो, याचे उत्तर आता आकड्यांत उपलब्ध आहे. आसाममधील चहामळ्यांत चाळीस वर्षे व त्यावरील ७५१ कामगारांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या कामगारांना जवळचा चष्मा लगेच देण्यात आला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची उत्पादकता दुसऱ्या गटाच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक भरली. पन्नाशीपुढच्या कामगारांत ही वाढ ३१.६ टक्के होती. चहाची पाने खुडायला वाचता यावे लागत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

बांगलादेशातील ग्रामीण भागात ३५ ते ६५ वयोगटातील ८२४ जणांवर झालेला असाच अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाचनाचे साधे चष्मे मिळालेल्यांचे उत्पन्न आठ महिन्यांनंतर इतरांच्या तुलनेत ३३.४ टक्क्यांनी अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालानुसार जगात सुमारे १८० कोटी लोकांना चाळिशी लागलेली आहे. त्यांपैकी ८२ कोटी ६० लाख लोकांचे जवळचे दिसणे केवळ योग्य चष्मा नसल्यामुळे बाधित आहे. चष्म्यासारखे सातशे वर्षांचे जुने साधन असताना ही संख्या एवढी राहावी, याला गरिबीइतकाच ‘मला कुठे वाचायचे आहे?’ हा विचारही कारणीभूत आहे.

जाळी तुणण्याच्या कामावर असा अभ्यास झाल्याचे वाचनात नाही म्हणून फरक पडत नाही असे समजण्याचे कारण नाही. जून आणि जुलै हे मासेमारी बंदीचे महिने जाळी दुरुस्तीचे असतात. त्या वेळी आभाळ भरलेले, पडवीत उजेड कमी आणि काळ्या-हिरव्या बारीक धाग्यांचे जाळे मांडीवर! कमी उजेडात बाहुली मोठी होते आणि चाळिशीचा अंधूकपणा अधिकच जाणवतो. याच दिवसांत डोके जड होणे, डोळ्यांतून पाणी येणे, गाठ चुकल्याने ती पुन्हा उसवावी लागणे अशा तक्रारी उद्भवतात आणि त्यांचे खापर पावसाळी हवेवर फोडले जाते.

नंबर वयावरून नव्हे, कामाच्या अंतरावरून

रस्त्यावरच्या किंवा बाजारातल्या टोपलीतून चष्मा घेताना विक्रेता बहुधा वय विचारतो. पंचेचाळिशीच्या आसपास एक ते सव्वा, पन्नाशीत दीड ते दोन, साठीत अडीच असा ठोकताळा असतो आणि तो फारसा चुकीचाही नाही. मात्र तो पुस्तक वाचणाऱ्यासाठी बांधलेला आहे. पुस्तक आपण सुमारे ४० सेंटिमीटरवर धरतो. जाळे तुणणाऱ्याचे हात किंवा जमिनीवर विळी मांडून मासळी कापणारीचे पाते डोळ्यांपासून ५०-६० सेंटिमीटरवर असते.

यातला हिशोब सोपा आहे. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात आणि एक मीटरला तिने भागले की अंतर मिळते. साठीतल्या ज्या माणसाची दूरची नजर स्वच्छ आहे, त्याच्या नाकावर अडीचचा चष्मा चढवला तर त्याला ४० सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसेल, त्यापुढचे धूसर. ६० सेंटिमीटरवरच्या जाळ्यासाठी त्याला दीड-पावणेदोनचा नंबर हवा. अडीचचा चष्मा लावून तो जाळ्यावर वाकेल, दिवसअखेर मान आणि पाठ धरेल आणि ‘चष्मा मानवत नाही’ म्हणून तो खुंटीला टांगला जाईल. दोष चष्म्याचा नसतो आणि डोळ्याचाही नसतो; अंतर सांगितले गेलेले नसते, एवढेच.

यावर एक साधी युक्ती उपयोगी पडते. नेहमीच्या बैठकीत कामाला बसावे, घरातल्या कोणाला तरी नाकाच्या मुळापासून हातातल्या कामापर्यंत सुतळी धरायला सांगावी, तिथे गाठ मारावी आणि ती सुतळी तपासणीला जाताना बरोबर न्यावी. तपासणाऱ्याला नंबर काढताना शंभर प्रश्नांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. जाळ्याचा एक तुकडा नेला तर आणखी उत्तम. अक्षरांचा तक्ता वाचता न येणाऱ्याला त्यावरच सुई चालवून पाहता येते.

तयार चष्म्यांना सरसकट नावे ठेवण्याचेही कारण नाही. दोन्ही डोळ्यांची दूरची नजर सारखी आणि चांगली असेल, तर कमी किमतीचा तयार चष्मा जवळच्या कामाला पुरतो आणि त्याने डोळे बिघडत नाहीत. अडचण येते ती दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील, तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर असेल किंवा भिंगांचे मध्य आणि डोळ्यांतील अंतर जुळत नसेल तेव्हा. त्याहून मोठी अडचण अशी, की टोपलीतला चष्मा घेणाऱ्याचे डोळे कोणी तपासत नाही. चाळिशी हेच काचबिंदू शोधण्याचेही वय. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, जवळचे-दूरचे दिसणेही बिघडवत नाही. तो कडेची नजर गुपचूप खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. चष्म्याच्या निमित्ताने डोळ्यांचा दाब आणि आतील नस तपासली गेली, तर तो वेळेत सापडण्याची शक्यता असते.

दुभागी, प्रोग्रेसिव्ह की दोन चष्मे?

दूरचा नंबर नसलेल्याने फक्त जवळचा चष्मा घ्यावा आणि काम झाले की काढावा, हे सर्वांत सोपे. दूरचाही नंबर असेल तर दुभागी म्हणजे बायफोकल भिंग किंवा रेषा न दिसणारे प्रोग्रेसिव्ह भिंग सुचवले जाते. कचेरीत, दुकानात, वर्गात ही भिंगे सोयीची ठरतात. होडीवर मात्र विचार करावा लागतो. या भिंगांचा खालचा भाग जवळच्या नंबरचा असतो आणि पाय टाकताना नजर नेमकी त्यातूनच जाते. त्यामुळे होडीचा काठ, ओली फळी, शिडीची पायरी अंधूक किंवा जागेवरून सरकल्यासारखी दिसते. घराबाहेर वावरणाऱ्या वयस्कांमध्ये अशा भिंगांमुळे पडण्याचा धोका वाढतो, असे ऑस्ट्रेलियातील अभ्यासांतून दिसून आले आहे. लाटांवर हलणाऱ्या मोठ्या बोटीतून लहान होडीत उतरणाऱ्याने चालताना दूरचा साधा चष्मा आणि बसून काम करताना जवळचा, असे दोन वेगळे ठेवणेच शहाणपणाचे. जवळच्या चष्म्याला गळ्यात अडकवायची दोरी हवी. समुद्रात पडलेला चष्मा वर येत नाही!

कॉन्टॅक्ट लेन्सचा पर्याय चाळिशीलाही आहे. एकाच लेन्समध्ये दूरचे व जवळचे नंबर गुंफलेल्या ‘मल्टिफोकल’ लेन्स मिळतात. एका डोळ्याला दूरची आणि दुसऱ्याला जवळची लेन्स लावण्याची ‘मोनोव्हिजन’ ही पद्धतही वापरली जाते; मेंदू काही दिवसांत तिला सरावतो. शहरात वातानुकूलित कचेरीत काम करणाऱ्या, चष्मा नको असणाऱ्या व्यक्तींना या लेन्स मानवतात. परंतु मोनोव्हिजनमध्ये खोलीचा अंदाज काहीसा कमी होतो, मल्टिफोकल लेन्सने मंद उजेडात प्रतिमा फिकी दिसते. आणि मुख्य म्हणजे लेन्स व पाणी यांचे वैर आहे. पाण्यातील जंतू, त्यातही अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव, लेन्सखाली अडकला तर बुबुळावर गंभीर जखम होऊ शकते. मासळीने माखलेल्या हातांनी लेन्स घालणे-काढणे, वाळू, खारा वारा, रात्रभर लेन्स डोळ्यात राहणे हे सगळे लक्षात घेता बंदरावर काम करणाऱ्याला लेन्सची शिफारस करणे कठीण आहे. हर्णेहून मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्यांनीही सुट्टीत समुद्रात उतरताना लेन्स काढून ठेवाव्यात.

चष्म्याऐवजी थेंब, ही बातमी मध्यंतरी खूप गाजली. मुंबईतील एका औषध कंपनीच्या पायलोकार्पिनयुक्त थेंबांना ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ‘चष्मा सुटणार’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. कंपनीने मंजुरीपलीकडचे दावे केल्याचे सांगत सप्टेंबर २०२४ मध्ये ती परवानगी निलंबित करण्यात आली. हे औषध नवे नाही. काचबिंदूसाठी ते जुन्या काळापासून वापरात आहे. त्याने बाहुली आकसते आणि सूक्ष्म छिद्रातून पाहिल्याप्रमाणे काही तास जवळचे स्पष्ट दिसते. भिंगाचा कडकपणा मात्र तसाच राहतो. बाहुली लहान झाल्याने उजेड कमी शिरतो, म्हणून रात्री वाहन किंवा बोट चालवणाऱ्याला ते घातक ठरू शकते. डोकेदुखी होते, क्वचित दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही असतो.

काही समजुती

चष्मा लावला की नंबर वाढतो, म्हणून जितका उशीर करता येईल तितका करावा, असे सर्रास सांगितले जाते. नंबर वाढतो तो भिंग कडक होत जाते म्हणून. चष्मा लावा अथवा न लावा, साधारण साठीपर्यंत तो वाढणारच. चष्मा टाळल्याने डोळा बळकट होत नाही, फक्त मधली दहा वर्षे अंधुकात जातात. डोळ्यांच्या व्यायामाने, गाजराने वा कोणत्याही अंजनाने कडक झालेले भिंग मऊ झाल्याचा पुरावा नाही.

दुसरी समजूत अधिक फसवी आहे. साठी-पासष्टी उलटलेल्या एखाद्या आजीला अचानक चष्म्याविना सुई ओवता येऊ लागते आणि घरात कौतुक होते. बहुतेक वेळा हा चमत्कार नसून मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंगाचा गाभा दाट झाल्याने डोळ्याला ‘मायनस’ नंबर येतो, त्यामुळे जवळचे काही काळ सुधारते आणि दूरचे बिघडते. अशा वेळी आनंद जरूर मानावा, पण तपासणीही करून घ्यावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही जवळचा चष्मा लागला म्हणून अनेकजण शस्त्रक्रिया बिघडल्याची शंका घेतात. शिबिरांत सहसा बसवले जाणारे कृत्रिम भिंग एकाच अंतराचे, बहुधा दूरचे असते; ते फुगू शकत नाही. त्यामुळे वाचायला किंवा निवडायला चष्मा लागणे अपेक्षितच आहे.

चाळिशी दोन्ही डोळ्यांना बरोबरीने आणि सावकाश येते. एकाच डोळ्याने कमी दिसू लागणे, सरळ रेषा वाकड्या दिसणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, अचानक काळे ठिपके अथवा विजेसारखे चमकणे, वेदनेसह लाली येणे ही चाळिशीची लक्षणे नव्हेत. यांपैकी काहीही आढळल्यास चष्म्याच्या दुकानात न जाता थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आठवड्या-आठवड्याला नंबर बदलत असेल तर रक्तातील साखर तपासावी.

तपासणी कुठे, खर्च किती?

ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद असते आणि दृष्टी तपासून नंबर देणे हे त्याचे नेहमीचे काम आहे. हर्णेकरांसाठी दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय जवळचे. देशात १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांबरोबरच चाळिशी लागलेल्या वृद्धांना जवळच्या कामासाठी मोफत चष्मे देण्याचीही तरतूद आहे. मुलांच्या चष्म्यांची माहिती घरोघरी असते, या दुसऱ्या तरतुदीची क्वचितच. म्हणून तपासणीच्या वेळी ती आवर्जून विचारावी. विकत घ्यायचा झाल्यास, नंबरच्या चष्म्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे.

खाऱ्या हवेत धातूची चौकट लवकर गंजते, त्यामुळे प्लॅस्टिकची घ्यावी. भिंगावर सुकलेल्या मिठाचे कण पदराने अथवा लुंगीने पुसले तर ओरखडे पडतात; आधी गोड्या पाण्याने धुवून मग मऊ सुती कापडाने टिपावे. जोडी दोन घेतलेल्या बऱ्या, एक होडीवर आणि एक घरात.